भुजंगरावांची मुय्यी

नंजनगूडच्या स्टँडबाहेर सकाळचा पहिला चहा घेताना भुजंगरावांना महदेवा दिसला आणि त्यांच्या हातातला पेला हातातच राहिला. महदेवाच्या अंगात निळा शर्ट, गळ्यात पट्ट्याला लटकवलेलं ओळखपत्र आणि पायात बूट. बूट! ज्या पोराला पाऊस-चिखल न बघता अनवाणी शेतात उतरवून शिकवलं, तो बूट घालून म्हैसूरजवळच्या हेब्बाळच्या कंपनीच्या बसची वाट बघत उभा होता.

"काय रे महदेवा? आज नाटीला यायचं होतं ना?"

नाटी म्हणजे भाताची लावणी. कपिलेच्या कालव्याखालच्या सगळ्या गावांत हाच शब्द, आणि लावणीच्या यंत्राला तिथं लहानथोर सगळे नाटी मशीनच म्हणतात. ते मशीन चालवायला भुजंगरावांनी महदेवाला शिकवलं होतं. शिकवून नुकताच कुठं हात बसवला होता.

"अण्णा, फोन करणारच होतो." पोरगं लाजलं. "फोर्कलिफ्टवर लागलो. तुमच्यामुळेच लागलो, अण्णा. टेस्टला त्यांनी लीव्हर हातात दिला, मी तुम्ही शिकवलं तसं हळू सोडला, तर साहेब म्हणाले, हा तर तयार माणूस आहे!" आणि एवढं बोलून तो खाली वाकला आणि भुजंगरावांच्या पाया पडला.

आता पाया पडणाऱ्या पोराला शिव्या तरी कशा घालायच्या? बस आली, पोरगं चढलं, खिडकीतून हात हलवला. भुजंगरावांनीही हलवला. मग पेला टपरीच्या फळीवर असा आपटला की चहावाल्यानं मान वर केली.

हा काही पहिला नव्हता. त्याच्या आधीचा गेला तो त्याच बसनं, त्याच्या आधीचा गेला तो बंगळुरूला कुणाची तरी मोटार चालवायला. भुजंगराव शिकवणार, पोरं हात साफ करून घेणार आणि कारखान्याला तयार माणूस मिळणार. गावातली माणसं तर त्यांना तोंडावर म्हणायची, अण्णा, पाटी लावा, इथं फोर्कलिफ्ट शिकवून मिळेल. हसायचे सगळे. भुजंगरावांना हसू यायचं नाही, त्यांच्या जिवाची नुसती घालमेल व्हायची.

तशी घालमेल त्यांना जन्मापासूनचीच. घराणं म्हैसूरच्या जुन्या घोडदळातलं. पणजोबा शिलेदार, आजोबा शिलेदार, आणि संस्थान गेल्यावर वडील पांडुरंगराव पागेत घोड्यांना खरारा करायला राहिले. मग एक दिवस घोडेही विकले गेले. त्या दिवसापासून पांडुरंगराव म्हैसुरातल्या इट्टिगेगूडच्या घरापुढच्या कट्ट्यावर बसले ते बसलेच. कुणी काही काम सांगितलं की म्हणायचे, मला दुसरं येतं काय? मांडीवर दोन्ही हात उपडे ठेवून रस्त्याकडे बघत बसायचे. लहानग्या भुजंगाला बापाच्या त्या रिकाम्या हातांची भीती वाटायची, खरीखुरी भीती. शाळेतून येताना तो मागच्या दारानं घरात शिरायचा.

म्हणून की काय, त्यांनी आयुष्यात कधी हात रिकामे राहू दिले नाहीत. पायाला भिंगरी ती तेव्हापासून. कोणतं नवं यंत्र शेतात उतरलं असं कानावर आलं की हे निघालेच. एच. डी. कोटेकडे तंबाखूच्या भट्ट्यांना लाकूड ओढणारा ट्रॅक्टर चालवला. तिथून उसावर आले, उसावरून पॉवर टिलरवर, टिलरवरून मळणीच्या यंत्रावर. मग कापणीचं ते अवाढव्य धूड आलं, तेव्हा तमिळ टोळीबरोबर त्याच्यावर बसून पार रायचूरपर्यंत गेले आणि महिनोन् महिने घरी आले नाहीत. गिरिजाबाई म्हणायच्या, "माझं लग्न माणसाशी झालंय की वाऱ्याशी, तेच कळेना." गंमत अशी, की प्रत्येक नव्या यंत्रानं आदल्या वर्षीच्या भुजंगरावांचंच काम खाल्लं, आणि दर वेळी हे त्या खाणाऱ्याच्या पाठीवर जाऊन बसले. जुन्याबद्दल हळहळत बसणं त्यांना माहीत नव्हतं. बसणंच माहीत नव्हतं म्हणा ना!

शेवटी ते केंपनपुरला थांबले. तिथं शेतीची यंत्रं भाड्यानं देणारं एक केंद्र निघालं आणि त्यात हे नाटी मशीन आलं. पाठीमागच्या उतरत्या फळीवर रोपांच्या चटया लावायच्या, सीटवर बसून मशीन चिखलातून चालवायचं, आणि मागची लोखंडी बोटं रोपं उचलून उचलून ओळीनं रोवत जातात. भुजंगराव त्या मशीनच्या प्रेमातच पडले. हे गाव, हा कालवा, हे मशीन. आता बास, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं होतं.

आणि बघता बघता साठी जवळ आली.

महदेवा गेला त्याच दिवशी केंद्राचा मॅनेजर अनंतकृष्ण मोटारसायकलवरून बांधापर्यंत आला. शेतकी कॉलेजातून शिकून आलेला, सरळ मनाचा पोरगा. भुजंगरावांना सर म्हणायचा. हेल्मेट काढून हातात धरून उभा राहिला, तेव्हाच यांनी ओळखलं की बातमी काही बरी नाही.

"सर, साठीनंतर मशीनवर तुमचा विमा होत नाही. ही नाटी शेवटची. मागं शिकलेलं माणूस नसेल तर मशीन मंड्याच्या केंद्राला द्या असं वरून आलंय. तिथं चालवणारे आहेत म्हणे."

"आणि इथली शेतं?"

"लावणीला बायका मिळतात कुठं, सर? तरुण मुली सगळ्या गारमेंटच्या कारखान्यात जातात. इथं मशीन हवं हे मला कळतंय. पण चालवणारा नसेल तर मशीन शेडमध्ये ठेवून काय करू?"

पोरगं खोटं बोलत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. भांडायला समोर कुणी तरी हवं ना! भुजंगरावांनी मशीनच्या बोनेटवर एक थाप मारली आणि म्हणाले, "नाटी संपायच्या आत माणूस उभा करतो. हे मशीन इथून हलणार नाही."

म्हणाले खरे. पण माणूस आणायचा कुठून? दिवसा मशीन चालवायचं आणि संध्याकाळी स्कूटर काढून गावोगाव हिंडायचं, असं त्यांनी सुरू केलं. कोटेला गेले, आयटीआयच्या दारात उभे राहिले, देवळापुढं पत्ते खेळणाऱ्या पोरांना हाका मारल्या. पोरं ऐकून घ्यायची आणि एकच प्रश्न विचारायची, "सर्टिफिकेट मिळेल का, अण्णा? हेब्बाळला चालेल?" एका पोरानं तर विचारलं, "चिखलात उतरावं लागतं का?" अरे, भाताच्या शेतात चिखल नसेल तर काय गालिचा असेल? भुजंगरावांनी स्कूटरला अशी किक मारली की चप्पल उडून गटारात गेली.

रात्री म्हैसूरला घरी आले की गिरिजाबाई ताट वाढायच्या आणि हे उभ्याउभ्या दोन घास खाऊन दारापर्यंत जाऊन परत यायचे.

"अय्यो, बसा की हो सुम्मने, गुमान! जरा म्हणून निम्मदी नाही, चैन नाही तुम्हाला. साठी आली. बसायचं वय की हे."

"बसायचं नाव काढू नको, गिरिजा."

"का? मामंजी बसले म्हणून?"

गिरिजाबाईंनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं. ते पुन्हा दारापर्यंत गेले.

नाटी अर्धी उरकली. माणूस मिळाला नव्हता. आणि मग एके दिवशी भुजंगरावांचं डोकंच फिरलं.

झालं असं. मशीन कितीही शहाणं असलं तरी शेताचे कोपरे त्याला लावता येत नाहीत. वळताना जागा सुटते, मध्येच एखादं रोप तरंगून वर येतं. ते सगळं हातानं भरायला मागून बायका यायच्या. पूर्वी त्याच बायका अख्खं गाव लावायच्या. आता उरलेल्या साऱ्या चाळिशी ओलांडलेल्या. त्यांची म्होरकी वरलक्ष्मम्मा. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि जिभेला हाड नाही असं सगळं गाव म्हणायचं. त्या दिवशी भुजंगराव वळण घेत होते, तर मागून बायकांचा हशा आला. कशाला हसल्या देव जाणे. यांना वाटलं, आपल्यालाच हसतात. इंजिन बंद करून ते सीटवरच उभे राहिले.

"हसा! हसा! मशीन गेलं की तुम्हाला सणच की! तुमच्या पोटावर पाय आला होता ना? तुम्ही पहिल्यापासून या मशीनच्या वैरिणी!"

हशा थांबला. वरलक्ष्मम्मानं हातातली रोपं बांधावर ठेवली, पदर कमरेला घट्ट खोचला आणि चिखल तुडवत मशीनपुढं येऊन उभी राहिली.

"वैरिणी? अण्णा, तुमचं हे मशीन पहिल्या दिवशी गावात आलं तेव्हा कुठं रुतलं होतं, आठवतं?"

आठवत होतं. न आठवून कसं चालेल? चिखलणी करून जमीन बसू न देताच त्यांनी मशीन आत घातलं होतं, आणि ते पोटापर्यंत खाली गेलं होतं. सगळं गाव तमाशा बघायला जमलं होतं. तेव्हा याच बायका आपली लावणी टाकून आल्या, दोर लावून मशीन ओढून काढलं, आणि वर ते अर्धवट राहिलेलं वावर अंधार पडेपर्यंत हातानं लावून दिलं. नाहीतर पहिल्याच दिवशी मशीन परत गेलं असतं.

"त्या दिवसाची मजुरी आम्ही घेतली का?"

"नाही घेतली. पण मी काय तसाच राहिलो का?" भुजंगरावांचा आवाज चढला. "दुसऱ्या दिवशी गिरिजाला म्हैसूरहून घेऊन आलो. एकेकीची खणानारळानं ओटी भरली. तांदूळ, हळदकुंकू, काही कमी केलं नाही. आमच्या घरात रीत आहे. कुणाचं ठेवून घेत नाही आम्ही!"

"ओटी भरलीत. फार बरं वाटलं. तो खण मी अजून ट्रंकेत ठेवलाय." वरलक्ष्मम्माचा आवाज खाली आला, पण ती हलली नाही. "पण तो मान झाला, अण्णा. मुय्यी कुठं फिटली?"

मुय्यी म्हणजे आपल्याकडे सावड म्हणतात ती. मी तुझ्या शेतात एक दिवस राबलो, तू माझ्या शेतात एक दिवस राब. त्या बायकांचा सगळा संसार या एका रीतीवर चाललेला. मजुरीच्या कामाला पैसे, पण मुय्यीला पैसे चालत नाहीत, धान्य चालत नाही, खणनारळ तर मुळीच नाही. पाठ वाकवल्याचं पाठ वाकवूनच फेडायचं. शिलेदारांच्या घरातल्या माणसाला हे कुठून कळावं? तिथं कुणी उपकार केला की त्याला वस्त्र द्यायचं, मान द्यायचा, विषय संपला. भुजंगरावांनी मोठ्या दिमाखात विषय संपवला होता, आणि या बायका इतकी वर्षं वाट बघत राहिल्या होत्या की हा माणूस एक दिवस चिखलात उतरेल.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मुय्यी मागायची असते का? ज्याच्यावर असते त्याला कळतं."

भुजंगरावांना तोंडात मारल्यासारखं झालं. ते सीटवर बसले, इंजिन चालू केलं, पुन्हा बंद केलं. वरलक्ष्मम्मा तिथंच उभी होती.

"आणखी एक," ती म्हणाली. "कोटेपर्यंत माणूस शोधत हिंडलात. आम्ही रोज तुमच्या मागून चालतो. आम्हाला का नाही विचारलंत?"

विचारायचं सुचलंच नव्हतं, हे खरं उत्तर. पण ते तोंडातून निघेना.

घरी जाऊन त्यांनी गिरिजाबाईंना सगळं सांगितलं. त्यांना वाटलं, बायको तरी आपली बाजू घेईल. ओटी तिनंच तर भरली होती.

गिरिजाबाई हसायलाच लागल्या. "मी बाई त्यांची ओटी भरली ती भेटलेल्या सवाशिणी म्हणून. मजुरी म्हणून कोण ओटी भरतं? मला विचारलं असतं तर सांगितलं असतं की! पण विचारायचं कुठं माहीत आहे तुम्हाला? ना त्यांना, ना मला."

त्या दिवशी भुजंगराव पहिल्यांदा खाली बसून जेवले.

दुसऱ्या दिवसापासून वरलक्ष्मम्माची शिकवणी सुरू झाली, आणि काय सांगावं, ती शिकवणी होती की रोजची लढाई! पोरांना शिकवताना भुजंगराव ओरडायचे, पोरं मान खाली घालून ऐकायची. वरलक्ष्मम्मा ऐकणारी नव्हती. पहिल्याच फेरीत तिनं मशीन थेट बांधावर चढवलं. भुजंगराव किंचाळले, "लीव्हर सोड! सोड म्हणतो ना! डोळे कुठं आहेत?" तिनं शांतपणे इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि हात बांधून उभी राहिली.

"आम्ही तुमचं मशीन ओढत होतो तेव्हा तुमच्यावर ओरडलो होतो का?"

"ओरडायला पाहिजे होतं!" भुजंगराव म्हणाले. मग दोघांनाही हसू आलं.

शिकली. हळूहळू शिकली. रोपांची चटई फाटू न देता फळीवर सरकवायला शिकली, ओळ सरळ ठेवायला शिकली, वळताना बोटं वर उचलायला शिकली. कधी विसरायची आणि रोपं दाबून टाकायची, मग स्वतःलाच शिव्या द्यायची. भुजंगरावांना झोप लागेना झाली. नाटी संपत आली होती. शेवटच्या शेताला अनंतकृष्ण येणार होता, स्वतः बघून वर कळवणार होता.

अशात एक दिवस गावात गारमेंटची गाडी आली. रोज मुलींना न्यायला यायची तीच, पण या वेळी तिच्यातून एक माणूस उतरला आणि घरोघर फिरला. आता मोठ्या बायकाही चालतील, धागे कापायला, घड्या घालायला. बसून काम, डोक्यावर पंखा. भुजंगरावांनी त्याला वरलक्ष्मम्माच्या दारात उभं पाहिलं. पुन्हा तेच. पुन्हा शिकवलं आणि पुन्हा गाडी आली. तो माणूस निघून जाईपर्यंत त्यांनी कशीबशी कळ काढली आणि तिला गाठलं.

"खरं सांग. तू जाणार?"

ती भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "माझी पोरगी गेली. तिला मी अडवलं नाही. उद्या मला गुडघे दुखायला लागले तर मीही जाईन. नाही जाणार असं खोटं कशाला सांगू?"

"मग मी कुणासाठी मरतोय इथं?" भुजंगराव म्हणाले. ते ओरडले नाहीत, हेच नवल. "सगळे जातात. प्रत्येक जण जातो. मी एकेकाला घडवायचं आणि तुम्ही गाडीत बसून जायचं."

वरलक्ष्मम्मानं हात धुतले. पदराला पुसले. मग सावकाश म्हणाली, "तुम्ही एकेकालाच घडवता, अण्णा. म्हणून तो गेला की सगळं जातं. नाटीत कधी असं असतं का? एक बाई आजारी पडली तर ओळ थांबते का? दुसरी सरकून तिच्या जागी येते. एकीला शिकवू नका. सगळ्यांना शिकवा. मग कुणी का जाईना."

भुजंगराव दाराच्या चौकटीला टेकले. आयुष्यभर ते एकटेच मशीनवर बसले होते. सीट एकाची, तर माणूसही एकच लागणार, असंच ते धरून चालले होते. आणि खरं सांगायचं तर, आपल्याला येतं ते चारचौघांना येऊ नये असंही कुठं तरी आत वाटत होतं. आपण लागतो, आपल्याशिवाय अडतं, या एका गोष्टीवर तर ते आजवर उभे होते. हे त्यांना त्या दारात उभं असताना कळलं आणि लाजही वाटली.

मग जे सुरू झालं ते विचारू नका! सगळ्या बायका मशीनवर. एक चालवतेय, दुसरी चटया लावतेय, बाकीच्या बांधावरून सल्ले देताहेत. नागम्मा नावाची एक जाड बाई सीटवर बसताच मशीन एका बाजूला कललं आणि सगळ्यांनी इतका गलका केला की रस्त्यावरची माणसं थांबली. भुजंगराव इकडून तिकडे पळत होते, आवाज बसला होता, टॉवेलनं घाम पुसत होते. एकीला सांगावं तर ती पुढच्या फेरीला दुसरीला सांगायची, आणि ह्यांच्यापेक्षा बरं सांगायची. ते बघून त्यांना आनंद व्हायचा आणि लगेच छातीत काही तरी टोचायचं.

शेवटच्या शेताचा दिवस आला. अनंतकृष्ण आला, बांधावर उभा राहिला. वरलक्ष्मम्मानं मशीन आत घातलं. भुजंगरावांची नजर तिच्या हातांवर, आणि त्यांचा स्वतःचा उजवा हात हवेतच लीव्हर धरल्यासारखा हलत होता. ती वळली, बोटं उचलली, पुन्हा टेकवली. ओळ सरळ. मग ती उतरली आणि दुसरी बसली. मग तिसरी. नागम्माही बसली आणि या खेपेला मशीन कललं नाही.

अनंतकृष्णानं फोन काढून फोटो घेतले. मग हसून म्हणाला, "सर, आता मंड्यालाच मी सांगतो, चालवणारे कमी पडले तर आमच्याकडून न्या. मशीन कुठं जात नाही."

बायकांनी आरडाओरडा केला. भुजंगरावही हसले. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं. मशीन राहिलं. मग ते बांधावर बसले, दमले होते म्हणून बसले, आणि समोर मशीन त्यांच्याशिवाय चालू होतं. छान चालू होतं. कुणी त्यांच्याकडे वळून बघत नव्हतं. बघायची गरजच नव्हती. किती वेळ गेला कोण जाणे, त्यांचं लक्ष खाली गेलं तर दोन्ही हात मांडीवर उपडे पडले होते.

ते धडपडून उठले. पण उठून जायचं कुठं? स्कूटरकडे दोन पावलं टाकली, थांबले. उद्या सकाळी उठायचं आणि काय करायचं? कट्टा. रस्ता. गिरिजा म्हणेल, बसा सुम्मने. त्यांना एकदम बापाचा चेहरा आठवला आणि मागच्या दारानं घरात शिरणारं ते पोर आठवलं. रडू येईल की काय, असं वाटायला लागलं.

"अण्णा! कुठं निघालात?"

वरलक्ष्मम्मा शेतातून येत होती. तिच्या हातात रोपांची जुडी होती. मशीननं सोडलेल्या कोपऱ्याकडे तिनं हनुवटीनं दाखवलं आणि ती जुडी सरळ त्यांच्या हातात कोंबली.

"उतरा. मुय्यी आहे ना?"

"आता? या वयात?"

"आमचं काय वय आहे? उतरा, उतरा."

भुजंगरावांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात पाय घातला. इतकी वर्षं चिखलाच्या वर बसून काढली होती. ते वाकले, तीन बोटांत रोपं धरून खाली खोचली, आणि हात काढताच रोपं आडवी झाली. बायका खिदळायला लागल्या. "अण्णा, ती भाताची रोपं आहेत, झोपवू नका!" नागम्मा मशीनवरून ओरडली, "डोळे कुठं आहेत?" सगळं शेत हसलं. हेही हसले आणि पुन्हा खोचलं. पुन्हा आडवं. वरलक्ष्मम्मानं त्यांचा अंगठा धरून दाखवलं, कसा दाबायचा. चौथ्या-पाचव्या खेपेला एक रोप उभं राहिलं. मग दुसरं. त्यांची ओळ वाकडी, पार नागमोडी, पण रोपं उभी होती. कंबर जळत होती, घाम डोळ्यांत जात होता, आणि डोकं मात्र कित्येक दिवसांत नव्हतं इतकं शांत झालं होतं.

ऊन उतरलं तेव्हा कोपरा भरून झाला होता. भुजंगराव कमरेवर हात ठेवून कसेबसे सरळ झाले. हात कोपरापर्यंत चिखलानं भरले होते.

"झालं ना?" ते म्हणाले. "फिटली मुय्यी?"

वरलक्ष्मम्मानं त्यांच्याकडे बघितलं. मग मशीनवरच्या नागम्माकडे, मग बांधावर बसलेल्या बाकीच्या बायकांकडे बघितलं.

"माझी फिटली, अण्णा," ती म्हणाली. "त्या दिवशी मी एकटी होते का? हिची राहिली. तिची राहिली. नागम्माची राहिली, तिची मुय्यी तर तिच्यासारखीच जड." बायका हसल्या. तिनं चिखलात पडलेली एक जुडी उचलली आणि पुढं केली. "आता लावणी संपली. पण तण काढायचं आहे, मग कापणी, मग पुढच्या हंगामाला परत नाटी. सगळ्यांची फिटेपर्यंत यावं लागेल."

भुजंगरावांनी जुडी घेतली. मग घसा खाकरून, जमेल तितक्या जरबेनं त्यांनी विचारलं, "उद्या कुणाच्या शेतात?"